आपणच ठेकेदार व्हावे काय?

आपल्या समाजातला छोटा व्यापारी किंवा कारागीर आयुष्यात घर एकदाच बांधतो. दुकानाचा माल तो हजार वेळा खरेदी करतो. एकदा फसला तर पुढच्या खेपेला सावध होतो. घराच्या बाबतीत पुढची खेप नसते. तरीही आयुष्यातला हा सर्वांत मोठा सौदा आपल्याकडे चहाच्या टपरीवर, कोणाच्या तरी सांगण्यावरून ठरतो. "ठेकेदाराला कशाला पैसे खाऊ घालता? मिस्त्री लावा, माल आपण आणा, दोन-तीन लाख सहज वाचतील." पाऊस उघडला की शिरूर-दौंडच्या बाजारात हे वाक्य कानावर येतेच. सांगणारा बहुधा स्वतःचे घर बांधून मोकळा झालेला असतो, आणि त्याने आपला हिशोब कधी कागदावर मांडलेला नसतो.

हा हिशोब मांडल्याशिवाय हो किंवा नाही म्हणू नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. आणि हिशोब मांडताना आपण जी एक रक्कम नेहमी विसरतो ती आधी धरावी. ती म्हणजे आपला स्वतःचा वेळ.

माझ्या मेहुण्यांचे उदाहरण घेऊ. इनामगावला गावठाणात त्यांची वडिलोपार्जित जागा आहे, शिरूरला शिवणकामाचे दुकान आहे. वीस लाखांपर्यंत घर व्हावे अशी त्यांची तयारी आहे. आता या वीस लाखांत ठेकेदाराचे किती? केंद्र सरकारच्या बांधकाम खात्याच्या दर-विश्लेषणात ठेकेदाराचा नफा आणि वरखर्च मिळून खर्चावर १५ टक्के धरतात. म्हणजे वीस लाखांतले सुमारे दोन लाख साठ हजार. हीच ती "सहज वाचणारी" रक्कम. पण यातला साधारण निम्मा भाग वरखर्चाचा आहे. मिक्सर, व्हायब्रेटर, पाण्याची टाकी, राखणदार, देखरेख करणारा माणूस, ने-आण, वाया गेलेला माल हे सगळे त्यात येते. ठेकेदार काढून टाकला म्हणून हा खर्च टळत नाही, तो मालकाच्या अंगावर येतो. उरला नफा, सुमारे एक लाख तीस हजार. घर सात महिने चालले तर दोनशे दहा दिवस होतात. भागाकार करा, दिवसाला सहाशे वीस रुपये पडतात. आमच्या भागात आज चांगला गवंडी एवढ्या पैशांत दिवसभर येत नाही. म्हणजे मालक स्वतःच्या कामावर गवंड्यापेक्षा कमी रोजाने उभा राहणार, आणि तेही दुकान सोडून.

दुकान सोडून, हा शब्द कापडवाल्याने नीट ऐकावा. बांधकामाचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो आणि मृग लागेपर्यंत चालतो. लग्नसराई कधी असते? तुळशीचे लग्न झाल्यापासून तेच महिने. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते, त्यामुळे अनेक वर्षे तीही याच महिन्यांत येते. शिंपी, कापडवाला, चप्पलवाला, भांडीवाला, बेकरीवाला, सर्वांची वर्षाची कमाई ज्या महिन्यांत होते, नेमक्या त्याच महिन्यांत स्लॅब पडतो. शिरूरहून इनामगावला जाऊन, काम पाहून परत यायचे म्हणजे अर्धा दिवस गेला. गल्ल्यावर कोणी तरी बसवावा लागेल. त्याने उधारी कोणाला दिली, माल कोणता संपला, हे संध्याकाळी कळणार. ज्याच्या दुकानाचा हंगामातला अर्धा दिवस हजार-बाराशेच्या वर नफा देतो, त्याने सहाशे वाचवण्यासाठी उन्हात उभे राहण्यात शहाणपण नाही.

मग ठेकेदारालाच सारे देऊन टाकावे काय? तसेही माझे मत नाही. कारण घराच्या कामात दोन अगदी वेगळी कौशल्ये लागतात. एक खरेदीचे आणि दुसरे माणसांकडून काम करून घेण्याचे. पहिले कौशल्य व्यापाऱ्याच्या हाडात असते. दुसरे बहुधा नसते, आणि सात महिन्यांत येतही नाही.

खरेदीचे आधी पाहू, कारण तिथे आपला खरा फायदा आहे. लोखंड घ्या. दुकानदार टनाने विकतो आणि आपण नगाने मोजून घेतो. सळीच्या व्यासाचा मिलीमीटरमधला आकडा त्याच आकड्याने गुणून १६२ ने भागा, एका मीटरचे वजन किलोत निघते. बारा मीटरची ८ मिलीमीटरची सळी ४.७४ किलो भरली पाहिजे, १० ची ७.४, १२ ची १०.६६ आणि १६ ची १८.९६. मापात थोडा फरक चालतो. पण गाडी उतरताना नग मोजले, या आकड्यांनी गुणले आणि काट्याच्या चिठ्ठीशी ताडून पाहिले, तर माल हलका आहे की काटा खोटा आहे हे दहा मिनिटांत कळते. वार आणि मीटर मोजण्यात ज्याची हयात गेली त्याला हे अवघड नाही. वाळू-खडी ब्रासने येते, एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट. ट्रॉलीची लांबी, रुंदी आणि मालाची उंची फुटांत मोजून गुणाकार करा आणि शंभराने भागा. वाळू ओलसर असेल तर ती फुगते. थोड्याशा ओलाव्याने तिचे आकारमान पाव हिश्श्यानेही वाढते, म्हणजे ट्रॉलीभर वाळूच्या पैशांत आपण काही हवा विकत घेतो. सिमेंटच्या गोणीवर ते कोणत्या आठवड्यात भरले हे छापलेले असते. तीन महिने पडून राहिलेल्या सिमेंटची ताकद साधारण पाचव्या हिश्श्याने घटते. जुना माल स्वस्त मिळतो, पण तो कटपीस नव्हे. कटपीसचा कपडा लहान होतो, कच्चा होत नाही.

जीएसटीचाही विचार करावा. मालासह ठेका घेणारा नोंदणीकृत ठेकेदार पूर्ण रकमेवर १८ टक्के कर लावतो. एका स्वतंत्र राहत्या घराच्या नव्या बांधकामाचा निव्वळ मजुरीचा ठेका असेल, तर २०१७ च्या अधिसूचनेप्रमाणे त्या मजुरीला जीएसटी माफ आहे. डागडुजीच्या कामाला ही माफी नाही. सिमेंटवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला, त्याचा फायदा माल स्वतः घेणाऱ्याला सरळ मिळतो. मात्र काही बंधू घराचे सिमेंट-लोखंड दुकानाच्या नोंदणी क्रमांकावर घेतात आणि त्या कराची वजावट दुकानाच्या करातून घेतात. हे करू नये. स्वतःच्या स्थावर मिळकतीच्या बांधकामावरची वजावट कायद्याने बंद आहे. वाचवलेले वीस हजार पुढे व्याज आणि दंडासह भरावे लागतात, शिवाय दुकानाचे सगळे कागद तपासायला निघतात ते वेगळेच.

वाळूच्या बाबतीत स्वतः खरेदी करणाऱ्याची जिम्मेदारी मोठी आहे. घोड आणि भीमेच्या काठच्या गावांना हे सांगायला नको. रात्री येणारी ट्रॉली स्वस्त असते, कारण तिच्याकडे वाहतूक पास नसतो. जमीन महसूल कायद्याचे कलम ४८ काढणाऱ्याबरोबर गोळा करणाऱ्यालाही धरते, आणि दंड बाजारभावाच्या पाच पटीपर्यंत जातो. ठेकेदार असताना हे लचांड त्याचे होते. आता दारातला ढीग तुमचा आहे. पास मिळत नसेल तर क्रश सँड घ्यावी. चांगल्या क्रशरची, धुतलेली क्रश सँड काँक्रीटला बिनधोक चालते.

आता दुसरे कौशल्य. ठेकेदार मिस्त्रीवर ओरडतो आणि मिस्त्री ऐकतो. तुम्ही ओरडलात तर तो दुसऱ्या दिवशी येत नाही. असे का? ठेकेदाराकडे त्याला वर्षभर काम आहे, तुमच्याकडे तो आयुष्यात एकदाच येणार आहे. आपल्या धंद्यात नेहमीच्या गिऱ्हाइकाला एक भाव आणि वाटेवरच्या गिऱ्हाइकाला दुसरा, हे आपण रोज करतो. बांधकामाच्या बाजारात घरमालक हा वाटेवरचा गिऱ्हाईक आहे. त्यातून आमच्या तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टर-ट्रॉल्या कारखान्याकडे लागतात, आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत शेडचे काम निघाले की गवंडी तिकडे जातात. तेव्हा ज्याच्याकडे उचल देऊन बांधलेली माणसे आहेत त्याचे काम चालू राहते, बाकीच्यांचे अर्धवट भिंतीवर थांबते.

आणखी एक गोष्ट कापडवाल्याने मनात धरावी. कापडातला दोष ताग्यावर दिसतो. माल उलगडला की डाग दिसतो, भोक दिसते, परत पाठवता येतो. बांधकामातला दोष झाकला जातो. पाया मातीत जातो, सळी काँक्रीटमध्ये जाते, नळ भिंतीत जातो. तिथे खरेदीदाराची नजर कामाची नाही, त्या क्षणी हजर असणारी जाणती नजर लागते. गवंड्याला पातळ काँक्रीट आवडते, कारण ते ओढायला सोपे असते. आपल्या देशाच्या २००० सालच्या मानकात एम २० दर्जाच्या साध्या प्रमाणाच्या मिश्रणाला एका गोणीमागे जास्तीत जास्त ३० लिटर पाणी सांगितले आहे. बादली मोजायला कोणी उभा नसेल तर ते चाळीस होते, आणि स्लॅब दिसायला उलट अधिक गुळगुळीत दिसतो. सेंट्रिंगवाल्याला प्लेटा दुसरीकडे न्यायच्या असतात. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस ठेवावेत, त्याहून मोठ्याचे चौदा दिवस, आणि मिश्र सिमेंट असेल तर आणखी काही दिवस, असे तेच मानक सांगते. पाणी मारण्याचे तसेच. आज बाजारात बहुतेक मिश्र सिमेंट येते, त्याला किमान दहा दिवस पाणी हवे आणि आमच्या मार्च-एप्रिलच्या उन्हात चौदा. "चार दिवस मारले, पुरे" असे मिस्त्री म्हणतो तेव्हा त्याला नाही म्हणणारा कोण आहे?

पायाबद्दल जास्त सांगायला हवे, कारण इनामगावसारख्या नदीकाठच्या गावात खरी परीक्षा तिथेच होते. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आटते. तिच्यावर टेकलेले घर दरवर्षी थोडे उचलले जाते, थोडे बसते, आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी चीर निघते. पाया काळी माती ओलांडून पक्क्या मुरमात गेला पाहिजे. तो तीन फुटांवर लागेल की नऊ, हे खड्डा खणल्याशिवाय कोणी सांगू शकत नाही. शेजाऱ्याला पाच फुटांवर लागला म्हणून आपल्याला तिथेच लागेल असे नाही. मजुरीचा दर चौरस फुटावर ठरलेला असेल, तर मिस्त्रीला खोल जाण्यात तोटा आहे. तेव्हा खोदाई आणि पायाचा दर जोत्याच्या वरच्या कामापासून वेगळा ठरवावा. (जोत्याला उर्दूत कुर्सी म्हणतात. उर्दू शाळेत शिकलेल्या आम्हा लोकांना हा शब्द फार शोभेसा वाटतो, घर खुर्चीवर बसल्यासारखे.) मातीचा थर फारच खोल असेल तर स्तंभांचा पाया लागतो, आणि तिथे मिस्त्रीच्या अंदाजावर एक पैसाही लावू नये.

इनामगावचे नाव घरबांधणीच्या इतिहासात तसे मोठे आहे. १९६८ ते १९८३ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने येथे उत्खनन केले. डॉ. सांकलिया, डॉ. ढवळीकर आणि डॉ. झेड. डी. अन्सारी ही मंडळी त्यात होती. इसवी सनापूर्वी साधारण १६०० ते ७०० या काळातली शंभराहून अधिक घरे मातीखालून निघाली. त्यात पाच खोल्यांचे एक मोठे घर होते, शेजारी धान्याचे कोठार होते. आणि कुंभार, सोनार, मणी करणारा, चुना भाजणारा यांची घरेही ओळखता आली. तीन हजार वर्षांपूर्वीही चुन्याचे काम चुनेवाल्याकडेच होते! "आमचे वाडवडील आपले घर आपल्या हातांनी बांधत" असे आपण अभिमानाने म्हणतो. ते खरेही आहे, पण त्या बांधण्यात गावातला प्रत्येक जाणता हात होता.

घरमालकानेच ठेकेदार व्हावे, हा प्रयोग आपल्या राज्यात फार मोठ्या प्रमाणावर झालेला आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या त्या भागात दगड आणि मातीच्या रुंद भिंती होत्या, त्यांत आरपार बांधून धरणारे दगड नव्हते, आणि डोक्यावर मातीचे जड धाबे होते. घरे आतल्या माणसांवरच बसली. नंतर पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी वसवली गेली. ते काम ठेकेदारांनी आणि संस्थांनी केले. परंतु त्यांच्या पलीकडे हजारो गावांत नाही म्हटले तरी शेकडो गावांत लाखाच्या वर घरांची दुरुस्ती, मजबुती आणि फेरबांधणी मालकांनी स्वतः केली. सरकारने पैसे हप्त्यांनी दिले, सिमेंट-लोखंडाची कुपने दिली, गवंडी मालकाने लावला. कपडे विकणारे, शेती करणारे, मजुरी करणारे सारे ठेकेदार झाले.

या कामातली खरी गोष्ट हप्त्यात होती. पुढचा हप्ता मिळण्याआधी सरकारचा अभियंता येऊन आधीचा टप्पा पाही. मालकाच्या हाती खरेदी आणि मजूर होते, तपासणी त्याच्या हाती नव्हती. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर कच्छमध्येही मोठ्या प्रमाणावर हाच मार्ग घेतला गेला. २०१६ साली सुरू झालेल्या ग्रामीण घरकुल योजनेत तर घर लाभार्थ्याने स्वतः किंवा स्वतःच्या देखरेखीखाली बांधावे, ठेकेदार लावू नये, असा नियमच आहे, आणि तिथेही पैसे टप्पे तपासूनच मिळतात. म्हणून "सरकारच सांगते, ठेकेदार नको" असे सांगणाऱ्याने उरलेले अर्धेही सांगावे. सरकार तपासनीस ठेवते.

आपल्या खासगी घराला हा तपासनीस आपण पगार देऊन ठेवायचा आहे. नकाशा काढून देणारा आणि पुन्हा तोंड न दाखवणारा इंजिनिअर नव्हे. त्याच्याशी भेटी ठरवाव्यात: पायाचे खड्डे झाल्यावर, जोत्याच्या तुळईची सळी बांधल्यावर, कॉलम उभे करताना, स्लॅबची सळी बांधल्यावर आणि स्लॅब पडतो तो पूर्ण दिवस. भेटीप्रमाणे पैसे द्यावेत. वीस लाखांच्या घरात यासाठी चाळीस-पन्नास हजार गेले तरी ते खर्च समजू नयेत. तो इंजिनिअर मिस्त्रीचा किंवा लोखंडाच्या दुकानदाराचा माणूस नसावा, हे वेगळे सांगायला नको.

मेहुण्यांना मी हाच मशविरा दिला. माल तुम्ही घ्या. पाया ते स्लॅब आणि प्लास्टरपर्यंतचे काम उक्त्या मजुरीने एकाच मिस्त्रीला द्या, म्हणजे गवंडी सेंट्रिंगवाल्यावर आणि सेंट्रिंगवाला फिटरवर ढकलणार नाही. तपासणी इंजिनिअरकडे ठेवा. फरशी, रंग, दारे, नळ, वीज ही कामे मागाहून वेगवेगळ्या कारागिरांना द्या. तिथे दोष डोळ्यांना दिसतो, आणि ती कामे लग्नसराई संपल्यावर सावकाश करता येतात. फक्त एवढे ध्यानात ठेवा की विजेचे पाइप आणि पंख्याचे डबे स्लॅबच्या आधी बसतात आणि नळ प्लास्टरच्या आधी. वायरमन आणि प्लंबर कोण, हे पाया खणतानाच ठरलेले असावे. पूर्ण ठेकेदारी स्वतःकडे घ्यायची ती फक्त एकाच स्थितीत, घरात एक मोकळा, तापट नसलेला, हिशोबी माणूस सात महिने रोज तिथे थांबू शकत असेल तर. निवृत्त भाऊ, शेती पाहणारा मुलगा, कोणीही चालेल. मेहुण्यांचे थोरले बंधू इनामगावातच राहतात. ते रोज दोन वेळा जातील, पाणी मारून घेतील आणि वहीत हजेरी लिहितील, असे ठरले. त्यांनाही काही द्यावे, असे मी सुचवले. घरचा माणूस म्हणून फुकट राबवला की तिसऱ्या महिन्यात कुरबुर सुरू होते.

मजुरीचा करार लिहून घ्यावा. देण्याघेण्याचे लिहून ठेवण्याची तर आपल्याला शिकवणच आहे, पण आपण दुकानात ती पाळतो आणि मिस्त्रीशी तोंडी बोलतो. सगळे तंटे मोजमापावर होतात. चौरस फूट म्हणजे जोत्याचे की स्लॅबचे? छज्जा, जिना, कठडा, पाण्याची टाकी, शौचालयाचा खड्डा धरून की सोडून? सेंट्रिंगच्या प्लेटांचे भाडे कोणाकडे, मिक्सरचे डिझेल कोणाकडे? एवढ्या गोष्टी एका पानात मावतात. पैसे टप्प्याने द्यावेत, कामाच्या पुढे उचल जाऊ देऊ नये, आणि पाच-सात टक्के पहिला पाऊस पडून स्लॅब आणि गच्ची कोरडी दिसेपर्यंत मागे ठेवावेत. हे मागे ठेवणे आधीच कबूल केलेले असावे. मागाहून पैसे अडवणे म्हणजे कारागिराचा हक्क मारणे होय.

व्याजाचे कर्ज नको म्हणून टप्प्याटप्प्याने बांधणारे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांना हा मार्ग अधिक सोयीचा, कारण उक्ता ठेका घेतलेला ठेकेदार तुमच्या पुढच्या हंगामाची वाट पाहत नाही. मात्र थांबायचे कुठे, हे आधी ठरवावे. जोत्यावर थांबणे उत्तम. मुरूमभर एक पावसाळा खाते आणि चांगली बसते. स्लॅबवर थांबणेही ठीक. भिंती उभ्या आणि वर स्लॅब नाही, अशा अवस्थेत पावसाळा काढू नये, विटांचे सांधे धुपतात. पुढच्या मजल्यासाठी वर सोडलेल्या सळ्या उघड्या ठेवल्या तर गंजतात. त्यांना सिमेंटचे घट्ट पाणी लावावे किंवा हलक्या काँक्रीटमध्ये झाकून टाकावे. आणि सिमेंट पुढच्या वर्षासाठी आज घेऊन ठेवू नये. लोखंड ठेवता येते, विटाही ठेवता येतात. भट्ट्या उन्हाळ्यात चालतात आणि पावसाळ्यात भाव चढतो, तेव्हा मे महिन्यातली वीट घ्यावी.

गावाच्या परवानगीचे थोडक्यात. ग्रामविकास खात्याने २०२१ मध्ये ग्रामीण भागातल्या लहान घरांसाठी नियम सोपे केले. ३२०० चौरस फुटांपर्यंत नगररचना खात्याकडे जावे लागत नाही. तरी मालकीचे कागद आणि परवानाधारक इंजिनिअरने प्रमाणित केलेला नकाशा ग्रामपंचायतीत द्यावाच लागतो. आपले गाव एखाद्या प्राधिकरणाच्या हद्दीत येते का, तेही त्याच दिवशी विचारून घ्यावे.

शेवटची बाब कारागीर वाचकांच्याही कामाची आहे. मालक ठेकेदार झाला की तो मजुरांचाही मालक झाला. आठवड्याचा पगार बाजाराच्या आदल्या दिवशी हातात पडला पाहिजे. तो चुकला की त्या घरी चूल अडते आणि सोमवारी आपले काम अडते. माळ्यावरून कोणी पडला तर? बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात स्वतःच्या राहत्या घराचे १० लाखांपर्यंतचे काम वगळलेले होते, २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही मर्यादा ५० लाख झाली. म्हणजे मेहुण्यांच्या घराला तो उपकर नाही. पण उपकर नाही म्हणजे त्या मजुराच्या मागे मंडळ उभे राहील याची खात्रीही नाही. मोडलेला पाय तुमच्या दारातच मोडलेला असेल. केंद्र सरकारच्या अपघात विमा योजनेत १८ ते ७० वर्षांच्या खातेदाराला वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचे संरक्षण मिळते, मृत्यू आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी. विम्याबद्दल ज्यांच्या मनात शंका असेल त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. पण साध्या फ्रॅक्चरचा दवाखाना त्यात बसत नाही, म्हणून पंचवीस-तीस हजार रुपये घराच्या हिशोबात याच नावाने वेगळे काढून ठेवावेत, आणि स्लॅबच्या दिवशी फळ्या व दोर मिस्त्रीच्या भरवशावर न ठेवता आपण स्वतः आणावेत.